आधी ९० दिवस न पडता काम करून दाखवा

गोंदियाजवळच्या बिरसीला विमान उडवायला शिकवतात. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा तर किमान २०० तास उड्डाण करावं लागतं. योग्यच आहे, वरून खाली यायचा धोका असतो ना!

गवंडीही वरच चढतो. परांची बांबूची, गाठ काथ्याची, पायात स्लीपर. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीला त्याच्याकडे मागतात ९० दिवस काम केल्याचा दाखला. म्हणजे आधी तीन महिने न पडता काम करून दाखवायचं, मग मान्यता! पुढे कल्याणकारी मंडळाचा सुरक्षा संच: हेल्मेट, बूट, शिवाय मच्छरदाणी, चटई आणि चार कप्प्यांचा डबा. डासांचा बंदोबस्त पक्का. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली किती आवळायचा, हे सांगणारा माणूस तेवढा पेटीत मावला नसावा.

१९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा समिती सक्तीची केली होती, ती किमान ५०० कामगार असतील तिथे. घरकुलावर असतात पाचजण. त्यांनी आपापल्या जबाबदारीवर पडावं.

बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर जमा होतोच. मंडळाने त्यातून परांचीपाशी उभं राहून तासभर शिकवणारा कुणी धाडावा. डबा तीन कप्प्यांचा दिला तरी चालेल.