मांडुळाचा भाव कसा काढावा

जळगावात सोनं तोळ्यावर, रावेरला केळी क्विंटलवर आणि मांडूळ किलोवर. भाव काढायला खान्देशी माणसाला शिकवावं लागत नाही. तरी मांडुळाच्या बाबतीत भलेभले आत गेलेत, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी रंगाचा नाद सोडा. तो धंदा परदेशातला. तिकडे आफ्रिकेतला बॉल पायथन हौसेने पाळतात. 1992 साली अमेरिकेत त्याची पांढरी-पिवळी पिल्लं पहिल्यांदा पैदाशीतून जन्मली, तेव्हा एकेकाला हजारो डॉलर मोजले गेले. पण घेणाऱ्यांनीही अंडी उबवली आणि आज तसलाच साप काही शे डॉलरांत मिळतो. आपलं मांडूळ तर पिल्लू असताना तांबूस-नारिंगी आणि वाढलं की मातकट तपकिरी. म्हणजे माल घरात असतानाच भाव उतरणार.

तेव्हा वजन धरा. गिऱ्हाईक अडीच-तीन किलोचं मागतं. मांडूळ मात्र तीन फुटांच्या आसपास थांबतं. किलोभर भरलं तरी दांडगंच म्हणायचं. यावर काही हुशार त्याच्या घशात छर्रे कोंबतात. वजन भरतं, मांडूळ मरतं.

तोंडं मोजू नका, एकच निघेल. दुसरीकडे असते ती बोथट शेपटी. सहा महिने या तोंडाने, सहा महिने त्या तोंडाने चालतं, हेही सांगू नका. एखादं चिकट गिऱ्हाईक बघायला मुक्काम ठोकायचं.

आता आकडा. पन्नास हजार म्हणालात तर लोक हसतील. पन्नास लाख म्हणा, लगेच पटतं. कारण विचारलं तर गुप्तधन दाखवतं, पैशांचा पाऊस पाडतं, असं सांगावं. पाऊस पाडणारं जनावर पोत्यात असताना तुम्ही मागून आणलेल्या मोटारसायकलवर का आलात, हे कोणी विचारत नाही. माझा अनुभव असा की कोटीच्या गोष्टीत माणूस पेट्रोलचा हिशेब करत नाही.

राहता राहिला ग्राहक. धुळ्याजवळ हायवेच्या ढाब्यावर जो “काय भाव शे?” एवढंच विचारतो, एक रुपया कमी करा म्हणत नाही आणि वर नोटांची बॅग उघडून दाखवतो, त्याच्याकडे नीट बघा. त्याला बनावट ग्राहक म्हणतात. त्याचे सहकारी शेजारच्या टेबलावर साध्या वेशात चहा पीत असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, ही माहिती तिथे मोफत मिळते.

दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, पन्नास लाखांचं मांडूळ जप्त. हा आकडा कुणाचा? ढाब्यावर तुम्हीच सांगितलेला. तो वाचून पुढच्या गावातला कोणीतरी पोतं शोधायला लागतो आणि पंचावन्न सांगतो. मांडुळाचा भाव चढतो तो असा.

बांधावर मांडूळ दिसलंच, तर वनविभागाच्या 1926 वर कळवा. नाही कळवलंत तरी चालेल. विष नाही, शेतातले उंदीर खातं. खाऊ द्या.