गोळीची नेमणूक

ज्याच्या हातून दिवाळीतील टिकल्यांपलीकडे आजवर काही उडालेले नाही, अशा माझ्यासारख्या निरुपद्रवी गृहस्थाने रिव्हॉल्वरच्या गोळीविषयी लेखणी उचलावी, हे कदाचित मर्यादेला सोडून होईल. परंतु एकोणिसाव्या शतकातील ठासणीच्या, टोपीवर बार काढणाऱ्या अमेरिकन रिव्हॉल्वरात कोणती गोळी घालावी या प्रश्नावर तेथील शौकीन मंडळी ज्या गांभीर्याने खल करतात, ते पाहिले की एखाद्या संस्थानच्या दप्तरातील नेमणुकीची मिसल वाचीत असल्याचा आनंद मला होतो, आणि तो एकट्याने उपभोगणे अप्पलपोटेपणाचे वाटते.

पहिली अडचण नावनिशीची. सॅम्युएल कोल्टचे १८५१ सालचे ‘नेव्ही’ ०.३६ इंची आणि १८६० सालचे ‘आर्मी’ ०.४४ इंची, असे दप्तर सांगते. पण नोकराचे दप्तरी वय आणि खरे वय यांत जी तफावत असते ती येथेही असून, पहिल्यास ०.३७५ इंच व्यासाची आणि दुसऱ्यास ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची गोळी लागते. या शेवटच्या दोहोंत अंतर काय ते एका केसाचे. पण त्या एका केसासाठी सभ्य माणसे एकमेकांची अक्कल काढतात.

कारण उमेदवार जागेपेक्षा किंचित लठ्ठ असावा, हीच या नेमणुकीतील मुख्य अट. रिव्हॉल्वरच्या फिरत्या चक्रातील घरात दारू ओतून गोळी घराच्या तोंडाशी ठेवावी आणि नळीखालच्या तरफेने गज दाबावा, की घराची कड गोळीचा फाजील मेद तासून शिशाचे बारीक वळे बाहेर टाकते. वळे अखंड निघाले तर उमेदवार रुजू झाल्याची ती पोच समजावी. सैल गोळी शेजारचा बार उडताच धक्क्याने पुढे सरकून चक्र अडविते, आणि कधी तिच्या फटीतून ज्वाला आत शिरून, हुकूम नसताना शेजारची घरेही आपापले बार काढून मोकळी होतात. म्हणून घराच्या तोंडावर वरून चरबीचा लेप देण्याचीही वहिवाट आहे. (चरबी आणि बंदूक यांचा संबंध आला की आपणा लोकांना १८५७ साल आठवते, अमेरिकन शौकीन मेंढीची चरबी मेणात निर्वेधपणे कालवतो.)

दुसरी अट मृदुतेची. शिसे निर्भेळ हवे. जुन्या छापखान्यातील खिळ्यांचे शिसे अँटिमनी व कथिलाच्या संगतीने इतके कठीण झालेले असते, की ते तासता तासता तरफच जेरीस यावी. तेव्हा साहित्याला एके काळी लागणारे शिसे युद्धाला नालायक ठरते, ही बाब माझ्यासारख्या लेखकास फारशी दुःखदायक नाही.

राहिला लांबट, टोकदार उमेदवार. हा वजनाने भारी, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांच्या कागदी काडतुसांत बहुधा याचीच भरती असे. पण हा घरात वाकडा बसतो, दारूची जागा बळकावतो, आणि वाकडा बसला की वाकडाच निघतो. उलट ‘आर्मी’ची गोल गोळी पाऊण तोळ्याहून किंचित अधिक भरणारी, आगापिछा नसलेली, त्यामुळे उलटी बसण्याची सोयच नाही. साच्यातून निघालेला देठ तेवढा वरच्या अंगास ठेवावा लागतो. माझे मत विचाराल तर या गरीब गोलाकाराची शिफारस मी डोळे मिटून करीन, आणि डोळे मिटूनच बार काढीन, म्हणून माझ्या शिफारशीला कोणी किंमत देऊ नये.

आता ही रिव्हॉल्वरे बव्हंशी इटलीत, ब्रेशिया प्रांतात, नक्कल म्हणून घडतात आणि कारखान्यागणिक घराचे माप केसभर इकडेतिकडे होते. सबब सुज्ञ अमेरिकन दोन्ही मापांच्या पेट्या मागवितो; ०.४५१ ने वळे न निघाल्यास ०.४५४ ठासतो, आणि उरलेली पेटी वाद घालणाऱ्या मित्राला पडत्या भावाने विकतो.