हॅलो, माइक टेस्टिंग

निवृत्तीनंतर माणसं साधारण तीन दिशांना पांगतात. काही सोसायटीच्या कमिटीत जातात, काही नर्मदा परिक्रमेला जातात आणि उरलेली कराओकेत जातात. कमिटीवाल्याचा त्रास इमारतीपुरता असतो. परिक्रमावाल्याचा तो परत आल्यावर सुरू होतो. कराओकेवाला मात्र कुठेच जात नाही, हीच त्याच्या घरच्यांची तक्रार असते.

या तिसऱ्या पंथातली पुढची पायरी म्हणजे माइककाका. कोथरूडपासून बोरिवलीपर्यंत हा माणूस आढळतो. नमुन्यादाखल आपण डोंबिवलीतले काका घेऊ. बँकेतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, गुडघे शाबूत, मुलगा बंगळुरूला. दुपारी मोबाइलवर ट्रॅक लावून गायचं आणि संध्याकाळी ते फॅमिली ग्रुपवर टाकायचं, असा सुखाचा क्रम चालू होता. अंगठे येत, गुलाबाची फुलं येत. मग एके दिवशी नागपूरच्या मेव्हण्याचा शेरा आला : ‘आवाज मस्त. रेकॉर्डिंग जरा नीट नाही.’

आवाज मस्त आहे हे काकांना ठाऊकच होतं. आपली कीर्ती नेमकी कुठे अडून बसली आहे, ते मात्र त्या दिवशी समजलं.

पहिले काही महिने काका गायलेच नाहीत, नुसता अभ्यास केला. दूध टाकायला आलेल्या मुलालाही आता माइकच्या दोन जाती माहीत आहेत. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि वीज आपसूक तयार होते. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक धातूची पट्टी. त्याला बाहेरून वीज लागते, ती बहुधा ४८ व्होल्टची, आणि ती पुरवायला ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागते. यूएसबी माइकच्या पोटात ही डबी आयतीच बसवलेली असते, म्हणून नवशिक्याला तो सोयीचा. काकांनी तो पहिल्याच फेरीत बाद केला. ‘उद्या अपग्रेड करायचं झालं तर?’ हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा घरात एकही माइक नव्हता.

शेवटी गाडी शुअर कंपनीच्या ‘एसएम ५८’वर आली. १९६६ साली निघालेला हा डायनॅमिक माइक आजही जगभरच्या स्टेजवर दिसतो. आईस्क्रीमच्या कोनासारखा, वर जाळीचा गोळा. आपटला, पडला तरी चालू राहतो. पण त्याच्या नकला बाजारात उदंड, हे काकांनी वाचलेलं. म्हणून लॅमिंग्टन रोडला जाताना त्यांनी पिशवीत स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. अस्सल माइकचं वजन कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे २९८ ग्रॅम. दुकानदाराने खोका उघडला, काकांनी काउंटरवर काटा मांडला, शून्य करून घेतला आणि माइक अलगद आडवा ठेवला. २९६ भरलं. उरलेले दोन ग्रॅम गेले कुठे यावर बरीच चर्चा झाली. दुकानदाराने चहा मागवला. काकांनी आधी रिकामा आणि मग भरलेला कप काट्यावर ठेवून काटा तपासला. हा काटा पाच-पाच ग्रॅमने चुकतो हे काकूंना ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

माइक अस्सल निघाला, तरी घेतला नाही. कारण वेगळंच. माहितीपत्रकात लिहिलं होतं : ५० ते १५,००० हर्ट्‌झ. काकांचं म्हणणं, माणसाचा कान २०,००० पर्यंत ऐकतो, मग वरचे ५,००० कोणाच्या घशात गेले? साठीनंतर बहुतेकांना दहा-बारा हजारांच्या पुढचं फारसं ऐकूच येत नाही. पण हे काकांना सांगायचं तर जरा मोठ्याने सांगावं लागलं असतं.

आला तो कंडेन्सर. सोबत इंटरफेस, स्टँड, केबल, हेडफोन. खरेदीला निघालेला माणूस माइकची किंमत धरून निघतो आणि या गोतावळ्याची किंमत देऊन परततो. खोलीत मांडामांड झाली, काकांनी ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ केलं, डोळे मिटून एक जुनं भावगीत म्हटलं आणि हेडफोन लावून ऐकायला बसले.

सगळं ऐकू आलं. छताचा पंखा ऐकू आला, खिडकीतली कबुतरं ऐकू आली, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि कल्याण फास्टचा भोंगा ऐकू आला. स्वयंपाकघरात काकू फोनवर बहिणीला ‘आता नवीन खूळ’ म्हणाल्या, तेही स्पष्ट आलं. या सगळ्याच्या मधोमध काकांचा आवाज होता. त्यात कडव्याआधीची धाप होती, कवळीचा बारीक टकटकाट होता आणि कोमल गंधार जिथे असायला हवा तिथे भलतंच काहीतरी होतं. फोनच्या माइकने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं कंडेन्सरने एका दुपारी चव्हाट्यावर मांडलं. चांगला माइक म्हणजे गोड माइक नव्हे, ही गोष्ट अशा वेळी लक्षात यायला हरकत नसते. काकांच्या लक्षात आलं ते एवढंच की खोली वाईट आहे.

आणि गंमत म्हणजे यात ते अर्धे बरोबर होते. उघड्या भिंती, टाइल्सची फरशी, काचेची खिडकी अशा खोलीत आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि कंडेन्सर तो इमानेइतबारे टिपतो. त्यावर तोडगा म्हणून काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंड्यांचे ट्रे आणून भिंतीला चिकटवले. तीन पिढ्यांच्या शाकाहारी घरात चाळीस ट्रे जाताना पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी काकूंकडे चौकशी केली. उपयोग जवळजवळ शून्य. तो पातळ पुठ्ठा ना आवाज अडवतो, ना धडपणे शोषतो. शोषते ती गोधडी. जाड, थरावर थर शिवलेली, भिंतीपासून थोडी सुटी टांगलेली. काकूंच्या आईने शिवलेली गोधडी माळ्यावरून उतरली आणि मे महिन्यात, पंखा बंद करून, काका तिच्यासमोर उभे राहिले. त्या मोसमात त्यांचं वजन उतरलं.

इतिहास काकांना मुखोद्गत आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान गायल्या तेव्हा माइक नव्हताच, एका भोंग्यात तोंड घालून गावं लागे. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’साठी आवाज दुरून येतोय असा भास हवा होता, तेव्हा लता मंगेशकर माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू जवळ आल्या. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’मधला आवाज महागड्या कंडेन्सरवर नव्हे, तर शुअरच्या ‘एसएम ७’ या डायनॅमिकवर घेतलेला. ही उदाहरणं काका प्रत्येक पाहुण्याला देतात. त्यातून निघणारा अर्थ पाहुण्यांना लगेच कळतो. काकांचं लक्ष तोवर ‘एसएम ७’च्या किमतीकडे गेलेलं असतं.

पुढे डायनॅमिकही घरात आला, तोच ‘५८’, या वेळी न तोलता. तो दूरचं फारसं ऐकत नाही, त्यामुळे कबुतरं गेली. शिवाय अशा माइकच्या अगदी जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो. दोन बोटांवरून ‘नमस्कार’ म्हटल्यावर काका स्वतःच दचकले. त्या आठवड्यात त्यांनी विजेच्या बिलाची तक्रारसुद्धा त्याच भारदस्त आवाजात रेकॉर्ड करून पाठवली.

कंडेन्सरला दमट हवा मानवत नाही, म्हणून तो आता चकलीच्या हवाबंद डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपतो. चकल्या उघड्यावर असतात.

गंमत अशी की सल्ला विचाराल तर या माणसाइतका नेमका सल्ला डोंबिवलीत दुसरा कोणी देणार नाही. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा रॅप करतो. तो जुलैत आला. ‘काका, सगळे पॉडकास्टवाले वापरतात तो एसएम ७ बी घेऊ?’

‘खिशात किती आहेत?’

‘पाच हजार.’

‘मग नाव काढू नकोस. त्याचा आवाज इतका क्षीण की ६० डेसिबलच्या आसपास उचलून घ्यावा लागतो. साधा इंटरफेस तेवढं उचलताना खरखरतो. म्हणजे वर बूस्टर घे, त्याचे पैसे वेगळे. साधा डायनॅमिक घे. तोंडापासून चार बोटं. प, फ, भ आले की फुंकर बसते, म्हणून माइक जरासा तिरका धर, नाहीतर काकूंकडून भरतकामाची रिंग घे आणि तिच्यावर जुनी ओढणी ताण. गोधडी माइकच्या मागे टांगू नकोस, तुझ्या पाठीमागे टांग. माइक तुझ्याकडे तोंड करून असतो. तुझ्यामागची भिंत त्याला ऐकू येते.’

मुलाने सगळं तसंच केलं, इंटरफेस मित्राचा मागून आणला आणि आठवड्याभरात ट्रॅक ऐकवायला खाली आला. शब्द न् शब्द स्वच्छ. काकांनी हेडफोन काढून त्याच्या पाठीवर थाप मारली. मुलगा खूश होऊन म्हणाला, ‘काका, आता तुमचं एखादं ऐकवा ना.’

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, हात बाहेर काढून हवा चाचपली आणि चकलीच्या डब्याचं झाकण आणखी घट्ट केलं.

‘आत्ता नको. दमट आहे. ऑक्टोबरमध्ये ये.’

‘काका, इथे ऑक्टोबरमध्येही चिकचिकच असते.’

‘मग डिसेंबरात ये. तोवर इंटरफेसही बदलून होईल.’