पैसे मोजून कडेलोट

स्की करून कंटाळलेल्या पैसेवाल्यांसाठी स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमध्ये १८८४-८५ च्या हिवाळ्यापासून एक खास सोय आहे : क्रेस्टा रन. दरवर्षी नव्याने थापलेली, सुमारे सव्वा किलोमीटर लांबीची बर्फाची नळी. तीत पोलादी घसरगाडीवर पालथं पडायचं, डोकं पुढे, हनुवटी बर्फाच्या जेमतेम वीतभर वर, आणि सुटायचं. सराईत गडी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातात. गाडीला ब्रेक नाही. बुटांच्या टोकांना लोखंडी दाते असतात, ते बर्फात रुतवायचे. तोच ब्रेक, तेच स्टिअरिंग. आपल्या गडांवर कडेलोट ही शिक्षा होती. निदान तिची फी तरी पडत नसे.

नवशिक्यांना आधी मोडक्या हाडांचे एक्स-रे दाखवतात. मंडळी ते कौतुकाने पाहतात आणि निमूट हेल्मेट चढवतात. खरी मौज शटलकॉक नावाच्या वळणावर. वेग आवरला नाही की माणूस गाडीसकट बाहेर, थेट बर्फात आणि पेंढ्यात. कपडे झटकत उठला की तो शटलकॉक क्लबचा सभासद! खास टाय बांधायचा मान मिळतो. नापासांचा असा सत्कार आमच्या शाळेत असता, तर आमच्या घरात टायांचं कपाट लागलं असतं.

या पराक्रमाला १९२९ पासून बायकांना बंदी होती. कारण म्हणे, त्यांच्या प्रकृतीला ते सोसायचं नाही. बंदी उठली २०१८ साली, तीही क्रेस्टा रन चालवणाऱ्या क्लबच्या सभासदांचं मतदान घेऊन. प्रकृतीची ही काळजी वाहत कोण होतं, तर पेंढ्यातून उठून टाय बांधणारे.