हवेचे पैसे

आपल्याकडे आकाश हौशी माणसाशी एक वागतं आणि धंदेवाल्याशी दुसरं. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा चिमुकला ड्रोन कुणीही उडवावा; दोन किलोंच्या आतला असेल तर हौसेखातर उडवायलाही प्रमाणपत्र लागत नाही. पण त्याच दोन किलोंच्या आतल्या यंत्रानं, त्याच वाऱ्यात, कुणाच्या हळदीचं चित्रण करून चार पैसे मिळवायचे म्हटलं, की २०२१ चे ड्रोन नियम दहावी पास, प्रशिक्षण आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मागतात. हौस कुणाच्या डोक्यावर पडणार नाही, हा सरकारचा विश्वास मला फार लोभस वाटतो.

सुरतेत लिंबायतला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं हे सारं रीतसर केलं. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीनं आलेल्या खानदेशी माणसांची ही वस्ती. मराठ्यांनी या शहरातून पैसे नेले ते १६६४ आणि १६७० मध्ये, थोडक्या दिवसांत. पुढे लूमच्या खडखडाटात उभं राहून तेच करायला आमच्या लोकांच्या पिढ्या गेल्या. भाच्याला तर आपल्याच माणसांकडून, वस्तीतल्या एका लग्नाच्या ड्रोन-चित्रणाची, वसुली करायची होती. “यंत्र तुझं, आकाश देवाचं, मग पैसे कसले रे? हवेचे?” असं वधूपित्यानं विचारलं, तेव्हा मलाही उत्तर सुचेना. अर्ध्या तासाच्या आत बॅटरी मान टाकते, पंख तुटतात, उत्तरायणात सुरती मांजा कुणाचीच गय करत नाही, हे भाच्यानं सांगून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “जेवायला तर येशीलच ना?”

लग्नाच्या सकाळी भटजी पंचांग उघडून बसले आणि भाचा ड्रोनवाल्यांच्या ‘डिजिटल स्काय’चा नकाशा. विमानतळ शहराला खेटूनच, त्यामुळे हिरवा पट्टा कुठे आणि पिवळा कुठे हे पाहिल्याशिवाय सुरतेत काही उडवता येत नाही. दोघांनीही बोट फिरवून, भुवया आवळून, शेवटी मान डोलावली. यंत्र भुणभुणत वर गेलं आणि पडद्यावर जे दिसलं ते पाहून आम्ही गप्पच झालो. लग्न मांडवाखाली होतं. वरून दिसत होती ती फक्त मांडवाची पाठ: उन्हानं विटलेलं, दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं कापड आणि त्यावर कुणाची तरी एक चप्पल. आत अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि आकाशाला त्याचा पत्ता नाही. अंगणाच्या कडेला बसलेल्या आजीनं मात्र यंत्राकडे पाहून “हाई काय शे रे?” म्हणत हात उगारला. बाजरीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलण्यात तिची उमर गेली होती. हा पक्षी तिच्या आवाजाला हलेना, याचाच तिला राग आला असावा.

१८५८ मध्ये नादार नावाचा फ्रेंच माणूस फुग्यात बसून वर गेला आणि त्यानं उंचावरून पहिला फोटो टिपला. हा गृहस्थ एरवी प्रसिद्ध तो चेहऱ्यांच्या फोटोंसाठी. चेहरे टिपणाऱ्याला चेहरेच दिसणार नाहीत इतकं उंच जावंसं का वाटलं असेल, याचा उलगडा मला त्या संध्याकाळी झाला. वधूपित्यानं चित्रण पाहिलं. वरात पुढे पळवली, नाच पुढे पळवला, आणि त्यांच्या घरावरून यंत्र सरकलं तिथे “थांब” म्हणाले. त्या गल्लीत समोरासमोरच्या ओट्यांवरून वाटी देता-घेता येते. घर पूर्ण मावेल इतकं मागे सरकायला जागाच नाही. एकेक मजला चढवत नेलेलं आपलं घर त्यांनी चारी कोपऱ्यांसकट पहिल्यांदा पाहिलं. टाकी, पत्रा, पत्र्यावरचा टायर, वाळत घातलेल्या कुरडया आणि पुढच्या मजल्याच्या आशेनं वर काढून ठेवलेल्या सळया. “हा टायर कुणी ठेवला?” एवढंच ते म्हणाले, पण बराच वेळ पाहत राहिले.

मेहनताना शेवटी आहेरातूनच आला: टॉवेल, टोपी, नारळ आणि पाकीट. पाकिटात बोलणी झाली त्याहून एक रुपया जास्त होता, म्हणजे तो पगार नव्हे याची तजवीज. शेजारचे काका हे सारं कठड्यावरून पाहत होते. त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात. भाच्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “तारीख धरून ठेव. आणि येण्याआधी दोन दिवस सांग रे, गच्ची झाडून घेतो.”