उठवायचं कोणी?

कॅलिफोर्नियातल्या रॉन पॅट्रिक नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअरने आपल्या २००० सालच्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या भागात चक्क जेट इंजिन बसवलं. तेही कुठलं, तर जनरल इलेक्ट्रिकचं टी-५८, १३५० हॉर्सपॉवरचं. मुळात हे हेलिकॉप्टरचं इंजिन. याच्याच आराखड्यावरून ब्रिटनमध्ये बनलेलं ‘नोम’ आपल्या नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांना बसवलेलं असतं. कुलाब्याच्या आयएनएस शिक्राच्या आसपास राहणाऱ्यांच्या कानांवरून या घराण्याचा आवाज नक्की गेला असेल.

बीटलचे जे फोटो गाजले, त्यांत मागून आगीचा लोळ निघताना दिसतो. लोकांना तो आवडतो, यात नवल नाही. मला मात्र राहून राहून प्रश्न पडतो तो त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाचा. या महाराजांना उठवलं कसं?

कारण जेट इंजिन कितीही बलाढ्य असलं तरी स्वतःहून उठत नाही. आधी कॉम्प्रेसर फिरायला हवा, त्याने हवा दाबायला हवी, मग इंधन, मग ठिणगी. पेट्रोलच्या इंजिनाला स्टार्टरने दोन-चार फेरे दिले की ते आपलं आपण बघतं. टी-५८ नुसतं आयडलवर बसायचं तरी मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतं, आणि भरात आलं की २६,०००. तेव्हा पेट घेतल्यावरही स्टार्टरला लगेच अंग काढून घेता येत नाही. इंजिन स्वतःच्या जोरावर वेग घेईपर्यंत मागून ढकलत राहावंच लागतं.

इथेच बॅटरी उतरलेली असली तर? आपल्या गाडीत अशा वेळी नुसतं ‘कट् कट्’ होतं आणि शेजारी धक्का मारायला येतात. जेटमध्ये हवा अपुरी, इंधन मात्र चालू. तापमानाचा काटा सरसर वर चढतो आणि टर्बाइनच्या महागड्या पात्यांची वाट लागते. याला ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. म्हणून चालू करणाऱ्याची एक नजर फेऱ्यांच्या काट्यावर, एक तापमानाच्या, आणि हात इंधन बंद करण्याच्या खटक्यावर. कानांत ठिणगी पाडणाऱ्या इग्नायटरची टक्, टक्, टक्. इंधनाचा रॉकेलसारखा वास आला आणि भडका काही ऐकू आला नाही, की हात आपोआप खटका ओढतो.

आता वायरिंग. मोटारीचा संसार १२ व्होल्टचा, विमानाचा स्टार्टर २४ व्होल्टवर वाढलेला. म्हणजे एकाच घरात दोन चुली. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ मिळवता येतात, पण चुकून त्यांचा संबंध हेडलाइटशी आला तर दिवे क्षणभर फारच सुंदर लागतील. गाडीचा अल्टरनेटर या जोडीला चार्ज करू शकत नाही, त्यांची सोय निराळी. स्टार्टर सुरू होताना शेकडो अँपिअर ओढतो, म्हणून केबल बोटाएवढी जाड आणि होईल तेवढी आखूड. केबलच्या टोकाचा एक लग जरा ढिला राहिला की सगळी ताकद तिथेच तापून जाते. शिवाय इग्नायटर बंद केल्यावरही त्याच्या डब्यात विजेचा साठा दबा धरून बसलेला असतो. डब्याला लगेच हात लावू नये. आगीच्या लोळाचे फोटो काढणारे खूप, लग आवळणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. माझ्या मते काम मात्र तिथेच असतं.

जेटला उठवण्याची ही खटपट जुनीच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट २६२ विमानाचं जेट इंजिन कशाने चालू होत असे? इंजिनाच्याच नाकाडात बसवलेल्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाने. आणि वेळ पडली तर त्या टू-स्ट्रोकला दोरी ओढून जागं करत. आवाजाच्या तिप्पट वेगाने उडणाऱ्या अमेरिकन एसआर-७१ साठी जमिनीवर गाडा आणत, त्यात ब्यूइक मोटारीची दोन व्ही-८ इंजिनं. म्हणजे जेटला उठवायला मोटार होतीच. पॅट्रिकसाहेबांनी दोघांना एका छपराखाली आणलं एवढंच.

क्रायस्लर कंपनीने हे सगळं लपवून दाखवलं होतं. १९६३ पासून त्यांनी ५० टर्बाइन मोटारी आळीपाळीने २०३ सामान्य ग्राहकांना वापरायला दिल्या. किल्ली फिरवायची, बाकीचं गाडी बघायची. उत्तम सोय, पण त्यात मजा ती काय?

कोणाच्या मनात आपल्या गाडीत असलं काही बसवायचं आलंच, तर आधी बॅटऱ्या आणि केबलचा हिशेब करा, इंजिन नंतर शोधा. पॅट्रिक यांची बीटलसुद्धा रोजच्या रस्त्यावर चालते ती पुढच्या मूळ पेट्रोल इंजिनावर. ते १२ व्होल्टवर मुकाट चालू होतं.