तीनशे टक्क्यांची फरशी

सेबीने २०१६ साली बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० नोंदणीकृत कंपन्यांना लाभांश धोरण लिहून काढायला लावलं. २०२१ मध्ये ही सक्ती पहिल्या हजारांवर आली. त्यातल्या टाइल्सवाल्या कंपन्यांची धोरणं वाचावीत. नफा, रोकड, कर्ज, नवा कारखाना, बाजाराची तब्येत, सगळं विचारात घेतलं जाईल आणि मग संचालक मंडळाला वाटेल ते होईल. म्हणजे आधी होतं तेच, आता पीडीएफमध्ये.

खरी मौज टक्केवारीत. ‘३०० टक्के लाभांश’ वाचून एखादे पेन्शनर काका पेढे आणायला निघतील. पण टक्के मोजायचे ते दर्शनी मूल्यावर, आणि ते कधी कधी असतं अवघा एक रुपया! शेअरमागे तीन रुपये. शेअर घेतलाय हजाराला. म्हणजे हाती ०.३ टक्के. बचत खातं यापेक्षा उदार. २०२० पासून लाभांशावरचा करही काकांनीच भरायचा.

शंभर शेअरचे झाले तीनशे. एवढ्यात चांगल्या टाइल्सची एक पेटी येत नाही, आणि मिस्त्री तर म्हणतो, कटिंगमध्ये तुटतात, दहा टक्के जास्तीच आणा.